संत्र्याला मोहोर येतो का?

अनुवादी: एका परफ्यूमच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. 'ऑरेंज ब्लॉसम'ला मी 'संत्र्याचा मोहोर' लिहिलं, संपादकांनी खोडून 'नारिंगपुष्प' केलं. वाचून कुणाच्या तरी मुलीचं नाव वाटतं! सेंट मनगटावर लावून पाहिला. आधी हिरवट, कडसर, नखाने साल खरवडावी तसा. मग मध आणि जरा साबण. तासाभराने मात्र गोड-जड काहीतरी उरतं, डांबरगोळीकडे झुकणारं. मोहोर म्हटलं की हे डोळ्यांपुढे येतं का?

काटोलचा: मोहोर आंब्याला. संत्र्याला बहार. थंडीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो. पावसाळ्यातला तो मृग बहार. बागेत येऊन कोणी 'मोहोर आला का' विचारलं, की पाहुणा पुण्याचा हे आम्ही ओळखतो.

शुद्धमती: मोहोर 'मुकुल'पासून आलेला, घरचा. बहार फारसी. घरचा असताना उसना कशाला?

मिरी: इराणात याच फुलांना 'बहार नारंज' म्हणतात, सुकवून चहात टाकतात. त्यातला नारंज आपल्याच 'नारंग'चा, म्हणजे उसनवारी दोन्हीकडून आहे. पण मुळात 'संत्र्याचा' हेच चूक. बाटलीत असतं ते कडू नारिंगाचं फूल. ट्युनिशियात नाब्युलला त्याचा मोठा धंदा आहे. वाफेवर काढलं की नेरोली, साधारण टनभर फुलांतून किलोभर तेल. द्रावकाने काढलं की अ‍ॅब्सोल्यूट. तुमची डांबरगोळी म्हणजे इंडोल, अ‍ॅब्सोल्यूटमध्ये ठळक. मोगऱ्यातही असतोच, तिथे नाक मुरडत नाही आपण.

अनुवादी: म्हणजे संपादक अर्धे बरोबर? सांगणार नाही त्यांना.

टिळकरोड: एवढं कशाला, 'कुंतीसारखा वास' लिहा. लिंबाच्याच कुळातली आहे. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला पावसाळ्यात फुलते तेव्हा जिन्यापर्यंत घमघमाट.

शुद्धमती: घमघमाट फोडणीचा. फुलांचा दरवळ.

टिळकरोड: आमची आजी दोन्हीला घमघमाटच म्हणायची. आणि सेंट 'लावत' नाहीत, 'मारतात'. लावतात ते अत्तर, फाया करून कानात.

अनुवादी: मूळ मजकुरात 'अंगावर घालणे' आहे. कपडे घालतात, वास कसा घालायचा?

मिरी: 'ल्यायचा'.

टिळकरोड: सेंट ल्यायलेली बाई एकदा बसमध्ये दाखवा.

काटोलचा: आणि ते 'संत्रं' लिहिणंही थांबवा कोणीतरी. संत्रा. तो संत्रा. आम्ही पिकवतो, लिंग आम्ही ठरवू.

शुद्धमती: शब्दच पोर्तुगिजांचा, त्यांच्या सिंत्रा गावावरून आलेला. लिंगाचा हट्ट कुठे धरता?

मिरी: बाबराच्या आठवणींत 'संगतरा' आहे, आणि बाबर वारला १५३० मध्ये. पोर्तुगीज १४९८ ला आले. एवढ्यात फळाचं नाव गोव्याहून आग्र्याला पोहोचलं म्हणता?

शुद्धमती: मिरची नाही का पोहोचली सगळीकडे?

मिरी: बाबराच्या ताटात मिरची होती याचा पुरावा द्या, मग बोलू.

अनुवादी: मजकूर उद्या छापायला जातोय. तूर्त 'नारिंगाचा बहार' करते. 'घालणे'चं काय करू?

काटोलचा: नारिंग पुल्लिंगी की नपुंसक?