बरेसीची ओळख फक्त त्या पेनल्टीने नको
कुणीतरी लिहिलंय की इटलीचा डिफेंडर फ्रँको बरेसी म्हटलं की १९९४च्या फुटबॉल वर्ल्डकप फायनलची (इटली-ब्राझील) हुकलेली पेनल्टीच आठवते. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण त्या मॅचमधे त्याआधीची १२० मिनिटं काय होती ते कुणी सांगतच नाही. २३ जूनला नॉर्वेविरुद्ध गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चा) फाटला, ऑपरेशन झालं, आणि १७ जुलैला ३४ वर्षांचा हा माणूस कॅलिफोर्नियातल्या भर दुपारच्या उन्हात ब्राझीलचे फॉरवर्ड रोमारियो-बेबेतो यांच्यासमोर उभा. ब्राझीलला एकही गोल करू दिला नाही! मॅच ०-० राहून पेनल्टी शूटआउटवर गेली. शेवटी पायात गोळे येत होते आणि तरी पहिली पेनल्टी मारायला तोच पुढे गेला, बॉल बारवरून गेला आणि तो तिथेच गुडघ्यावर बसला.

आणि क्लबचं म्हणाल तर मिलान शहरातल्याच इंटर क्लबने त्याला लहानपणी घेतलं नाही, भाऊ ज्युसेप्पेला घेतलं. मग हा एसी मिलान क्लबला गेला तो कायमचाच. मिलान १९८० आणि १९८२ असं दोनदा सेरी बीमधे (इटलीच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधे) गेलं तरी सोडून गेला नाही, २२व्या वर्षी कॅप्टन झाला. पुढे कोच साक्कीच्या काळात बरेसीने हात वर करून पळत पुढे यायचं आणि बाकीचे डिफेंडर मालदिनी, कोस्ताकुर्ता, तास्सोत्ती एका रेषेत त्याच्याबरोबर, समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड, म्हणजे त्या रेषेच्या मागे गोलच्या बाजूला सापडून नियमाने बाद. उंची जेमतेम पावणेसहा फूट, सगळा खेळ आधीच ओळखण्यावर. जुन्या मॅचेस मिळाल्या तर बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघा. १९९७ला रिटायर झाला तेव्हा मिलानने ६ नंबरची जर्सीच कायमची बंद केली.