असर्टिव्ह म्हणजे 'ठाम'? मला पटत नाहीये

पत्रकवाली

बचत गटांच्या प्रशिक्षणासाठी दोन पानी पत्रक मराठीत करायला घेतलंय. विषय असा, की समोरच्याला न दुखावता आणि स्वतःही गिळून न बसता आपलं म्हणणं कसं मांडायचं. मूळ पत्रकात तीन रकाने आहेत : पॅसिव्ह, असर्टिव्ह, अ‍ॅग्रेसिव्ह. आधीच्या कुणीतरी केलेल्या मसुद्यात त्यांचं 'निष्क्रिय, ठाम, आक्रमक' झालंय. तिन्ही शब्द कोशाला धरून आहेत आणि तिन्ही मला खटकतायत.

निष्क्रिय म्हणजे काहीच न करणारी. हे पत्रक ज्या बाईच्या हातात जाणार ती पहाटे पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकते. तिला निष्क्रिय कुठल्या तोंडाने म्हणू? तिला फक्त 'नाही' म्हणता येत नाही. आक्रमकचं उलटं झालंय. आक्रमक फलंदाजी म्हटलं की कौतुकच असतं. आणि ठाम कोण असतं ते पेपर उघडून बघा. 'आंदोलक मागणीवर ठाम', 'प्रशासन निर्णयावर ठाम', म्हणजे बोलणी फिसकटली.

पत्रकातलं उदाहरण देते. दुकानदार चार रुपये सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेटं ठेवतो. पहिली ती घेऊन घरी येते आणि संध्याकाळभर पोरांवर चिडचिड करते. तिसरी दुकान डोक्यावर घेते. मधली म्हणते, "चॉकलेट नको दादा, पैसेच द्या. आत्ता नसतील तर उद्या नेईन, पण वहीत लिहून ठेवा." या मधलीला मराठीत काय म्हणायचं?

पेठेतला

ठामच ठेवा. शब्दाच्या मुळाशी 'स्था' आहे, ठाण आणि ठाव ही त्याची भावंडं. ठाम म्हणजे उभा राहिलेला. मागे सरत नाही आणि अंगावर धावूनही जात नाही. तुमची मधली बाई नेमकं हेच करतेय. पेपरवाल्यांनी शब्द झिजवला म्हणून आपण टाकून द्यायचा का?

निवृत्त बाई (मराठी, आठवी ते दहावी)

पेठेतले दादा, व्युत्पत्ती बरोबर, पण ठाम हे मनाचं विशेषण आहे, तोंडाचं नाही. तोंडातून अवाक्षर न काढता माणूस ठाम राहू शकतो. इथे बोलण्यासाठी शब्द हवाय, आणि तिथेच आपली भाषा अडते. का ते सांगते.

'ऐकणे'चं प्रयोजक रूप ऐकवणे. गाणं ऐकवलं तर ठीक. पण "मी त्याला ऐकवलं" म्हटलं की काय ऐकवलं हे कुणी विचारत नाही. झापलं, एवढंच कळतं. सुनावणेचं तेच. बोलणे हे तर सगळ्यांत साधं क्रियापद, पण "सासूबाई मला बोलल्या" यात गप्पा झाल्या असं कुणाला वाटत नाही. (मुंबईत हल्ली 'बोलला' म्हणजे नुसतं 'म्हणाला'. आमच्या कानाला ते अजून खटकतं.) बोलणी खावी लागतात. पोर कारण विचारायला लागलं तर ते 'उलटून बोलतं', सून विचारायला लागली तर ती 'तोंड वर करून बोलते'. म्हणजे खालच्याने वरच्याला काही सांगितलं की आपल्या भाषेत त्याची नोंद भांडणाच्याच वहीत होते.

उरतं ते 'सांगणे'. तेही जपून वापरावं लागतं. 'सांगते' सरळ आहे. 'सांगून बघते' म्हणजे आधीच हरलेली. 'सांगून टाकते' म्हणजे इतके दिवस साठवलेलं ओकते. 'सांगून ठेवते' ही तर धमकी. एका क्रियापदाच्या मागे बघ, टाक, ठेव लावलं की तुमचे तीनही रकाने त्यातच भरतात. माझं मत : मधल्या रकान्याला विशेषण शोधूच नका. 'स्पष्ट सांगते' लिहा.

तळकोकणातला

आमच्याकडे 'माका जमाचा नाय' म्हटलं की विषय संपला. कार्यशाळा लागत नाही.

पत्रकवाली

तळकोकणातले भाऊ, तुम्ही गंमत केलीत, पण माझी एक अडचण सोडवलीत. पत्रकात सूचना आहे, 'वाक्याची सुरुवात मी ने करा'. इंग्रजीत ते चालत असेल. मराठीत 'मी येणार नाही' म्हणून बघा, रुसल्यासारखं वाटतं. 'मला जमणार नाही' मात्र कुणालाच टोचत नाही. 'मी रागावले' म्हटलं की समोरचा सावध होतो, 'मला वाईट वाटलं' म्हटलं की ऐकतो. आपलं 'मी' वाक्यात चतुर्थी लावून येतं तेव्हा ते धड आपलंही राहतं आणि कुणाच्या अंगावरही जात नाही. 'मला हे चालणार नाही' यापेक्षा असर्टिव्ह वाक्य मला तरी सुचत नाहीये. सूचना बदलतेय : 'वाक्याची सुरुवात मला ने करा'.

पेठेतला

हे आवडलं. पण 'जमणार नाही'मध्ये एक पळवाट आहे. न जमण्याचा दोष परिस्थितीवर जातो. ज्याला उसने पैसे द्यायचेच नाहीत तो "सध्या जमणार नाही हो" म्हणतो, मग मागणारा पुढच्या महिन्यात परत येतो. 'बघतो', 'कळवतो', 'करू काहीतरी' ही त्याचीच मावसभावंडं. पुण्यात 'बघतो' म्हणजे नाही हे लहान मुलालाही कळतं. बाहेरून आलेला बिचारा वाट बघत बसतो.

निवृत्त बाई

मान्य. म्हणून 'सध्या' काढायचं. "पैशांचा व्यवहार मला नात्यात करायचा नाही." यात 'मला' आहे, पळवाट नाही.

सुरतेची आठवण

मराठी माणसाकडे दोनच खण आहेत, मवाळ आणि जहाल. १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली, व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला, तेव्हापासून आपण प्रत्येकाला या दोनपैकी एका खणात कोंबतो. ज्या गोखल्यांनी १९०२ मध्ये, कर्झन व्हाइसरॉय असताना, सरकारच्या अंदाजपत्रकाची आकड्यानिशी चिरफाड केली आणि मिठावरचा कर कमी करा असं तोंडावर सांगितलं, ते आपल्या हिशेबात मवाळ! आवाज चढला नाही एवढाच काय तो गुन्हा. तुमच्या मधल्या रकान्याची अडचण जुनी आहे.

पेठेतला

विषयांतर. पण चांगलं विषयांतर.

मानसशास्त्रवाली

थोडं मूळ शब्दाबद्दल. हा शब्द व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात जन्मलेला नाही, उपचारातून आला. अमेरिकेत अँड्र्यू साल्टर यांनी १९४९ मध्ये दबून वागणाऱ्या रुग्णांना मनातलं मोकळेपणी बोलायला लावण्यावर भर दिला. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये ते आपल्या उपचारपद्धतीत बसवलं. वोल्पे यांचं म्हणणं असं, की दडपण आणि मनातलं स्पष्ट बोलणं एका वेळी एका माणसात नांदत नाहीत, म्हणून दुसऱ्याचा सराव केला की पहिलं ओसरतं. १९७० नंतर स्त्री-चळवळीमुळे ते दवाखान्याबाहेर पडलं. म्हणजे मुळात असर्टिव्हच्या विरुद्ध टोकाला उभं होतं दडपण. निष्क्रियता नव्हे.

निवृत्त बाई

मग शब्द आपल्याकडे आहे की. भीड!

भीड म्हणजे भीती नव्हे. दुकानदार मारेल म्हणून कुणी चॉकलेट घेत नाही. 'रोजचा आहे, चार रुपयांसाठी काय तोंड वाजवायचं' म्हणून घेतो. ही भीड. हिंदीत भीड म्हणजे गर्दी. आपल्याकडे ती मनातली असते. निर्भीड हा निर्भयचा जुळा भाऊ नाही, त्याला माणसांचा संकोच पडत नाही एवढंच. तो शब्द पत्रकारांनी नेला, त्यामुळे बचत गटात वापरला तर हसतील. पण पहिल्या रकान्याला 'भिडस्त' चपखल बसतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण तर तुमच्या बायकांना तुमच्या आधीपासून पाठ असेल.

पत्रकवाली

भिडस्त! पहिला रकाना पक्का. निष्क्रिय खोडला. मधल्यासाठी आमच्या गटातल्या एकीने 'खमकी' सुचवलंय.

मानसशास्त्रवाली

खमकीत कौतुक आहे, पण ते लांबून केलेलं. "बाई खमकी आहे हो" म्हणणाऱ्याला तशी सून चालत नाही. शिवाय एकाच वाक्यासाठी पुरुष स्पष्टवक्ता ठरतो आणि बाई फटकळ. पत्रकात बाईला असं नाव देऊ नका जे तिला घरी जाऊन निस्तरावं लागेल.

पंगतीतला

सगळे दुकानात अडकलेत, खरी परीक्षा पंगतीत असते. आपल्याकडे पहिलं 'नको' मोजलंच जात नाही. दुसऱ्या 'नको'ला वाढपी हसतो. भिडस्त माणूस तिसऱ्याला जिलबी घेतो आणि रात्री ओवा शोधतो. माझा एक काका पानावर दोन्ही हात आडवे धरायचा, तरी बोटांच्या फटीतून मठ्ठा आला. मग तो वाढप्यावर ओरडला आणि लग्नभर 'तापट' म्हणून गाजला. माझी आजी मात्र पान थोडं बाजूला सरकवून वाढप्याच्या डोळ्यांत बघायची आणि म्हणायची, "जिलबी उत्तम झालीय. आता मला नको." 'आता' आणि 'मला' दोन्हींवर सारखा जोर. तिला चौथ्यांदा कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही.

पत्रकवाली

दुकानदाराच्या खाली आजींचं वाक्य टाकतेय, परवानगी असावी. रकान्यांची नावं आत्तापुरती अशी : 'भिडेने', 'स्पष्टपणे', 'अंगावर येऊन'. माणसाला नाव न देता बोलण्याच्या तऱ्हेला दिलंय, म्हणजे तीच बाई सकाळी पहिल्या रकान्यात आणि संध्याकाळी तिसऱ्यात असू शकते.

पेठेतला

'भिडेने' वाचून आमच्याकडचे भिडे आडनावाचे लोक चौकशीला येतील. 'भिडेपोटी' करा.

पत्रकवाली

केलं.