खरी गोची अठरानंतर

'घरातून पळालेल्या पोरांसाठी सरकार काहीच करत नाही' असं म्हटलं जातं, ते सरसकट पटलं नाही. फलाटावर एकटं पोर दिसलं की १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन फिरवायची; २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करणं कायद्याने बंधनकारक आहे. गोची होते ती अठरा पूर्ण झाल्यावर. २०१५च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची (बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची) सोय आहे, केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेतून महिना ४,००० रुपयेही आहेत (मुंबईत एवढ्यात कॉटबेसिसवर झोपायला मिळेल, जेवणाचं काय?). पण हे सगळं बालगृहातून बाहेर पडलेल्यांना. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून थेट सीएसएमटीला उतरलेला पोरगा कुठल्याच रकान्यात बसत नाही. राज्याचं अनाथांसाठीचं १ टक्का आरक्षणही त्याला नाही, कारण आईबाप हयात!