मदत हवी आहे: एमडी प्रबंधासाठी गुळवेलीचं ऑथेंटिकेशन, नमुना काय न्यायचा आणि कसा?

वावडिंग
द्रव्यगुण विभागात एमडी दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंध गुडूचीवर, म्हणजे गुळवेलीवर: भरड चूर्ण, घन (काढा आटवून केलेला घट्ट अर्क) आणि सत्त्व (ओल्या कांडांतून काढलेला स्टार्च) यांची तुलना. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर करताना 'राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेकडून द्रव्याची ओळख पटवून घ्यावी' अशी अट घातली आहे. व्यापाऱ्याकडून दोन किलो वाळलेली कांडं घेतली आहेत, सोबत त्याचं ॲनालिसिस सर्टिफिकेट आहे. प्रश्न असे:

ही कांडं दळून चूर्ण दिलं तर चालेल का? पुण्यात नक्की कोणत्या संस्थेकडे जायचं? हर्बेरियम शीट (दाबून वाळवून कागदावर चिकटवलेला वनस्पतीचा नमुना) द्यावीच लागते का? गुळवेलीची पानं प्रेसमध्ये गळून पडतात असं ऐकलं, त्यावर उपाय काय? आणि ओळख पटल्यावर फार्माकोपियातल्या (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातल्या) कोणत्या चाचण्या कराव्याच लागतात?

रानजाई
चूर्ण अजिबात नेऊ नका. चूर्ण दळलं की वनस्पतिशास्त्रज्ञाला पाहायला फारसं काही उरत नाही. मग उरते सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, आणि त्यातून 'गुळवेलीशी जुळतं' इतकंच सांगता येतं. टिनोस्पोरा ही गुळवेलीची प्रजाती (गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया); तिच्या दोन जातींच्या कांडांची अंतर्रचना इतकी जवळची आहे की नुसत्या चूर्णावरून जात ठामपणे सांगणं अवघड.

आणखी महत्त्वाचं: संस्थेचं प्रमाणपत्र हे तुम्ही टेबलावर ठेवलेल्या नमुन्याचं असतं, तुमच्या प्रबंधातल्या औषधाचं नसतं. बागेतली एक छान फांदी ओळखून घ्यायची आणि प्रयोग मात्र बाजारातल्या दोन किलोंवर करायचे, असं सर्रास चालतं. अशा प्रबंधात ओळखीचा दुवाच तुटलेला असतो. म्हणून ती दोन किलो बाजूला ठेवा. स्वतः एक वेल (किंवा एकाच ठिकाणच्या दोन-तीन वेली) निवडा, तिच्यावर पत्र्याचा टॅग लावा, हर्बेरियमची फांदी आणि औषधाची कांडं तिचीच काढा. एका वेळी काढलेल्या मालाला पोत्यावर, बरणीवर, शीटवर, प्रयोगवहीत एकच संकलन क्रमांक हवा. तुम्हाला सत्त्व काढायचं आहे, म्हणजे ओली कांडं लागणारच. वाळलेल्या मालातून सत्त्व धड निघत नाही.

संस्थांबद्दल. पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, 1955 पासूनचं. शीट देऊन जात निश्चित करून घ्यायची तर हा सर्वांत सरळ रस्ता. आघारकर संशोधन संस्थेकडेही हर्बेरियम आणि वाळलेल्या औषधी द्रव्यांचा संग्रह, दोन्ही आहे. कोथरूडला सीसीआरएएसच्या (केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेच्या) संस्थेचं नेहरू औषधी वनस्पती उद्यान आणि हर्बेरियम आहे, आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना तिथली माणसं विषय चटकन समजून घेतात. मुंबईत असाल तर सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लाटर हर्बेरियम. नुसतीच वाळलेली कांडं ओळखून घ्यायची वेळ आली, तर दिल्लीला एनआयएससीपीआर या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचं कच्च्या द्रव्यांचं हर्बेरियम व संग्रहालय आहे. फी आणि अर्जाचा नमुना बदलत असतो, तेव्हा आधी फोन करा. गाइडच्या सहीचं, विभागाच्या लेटरहेडवरचं पत्र सगळीकडे लागतं.

वावडिंग
धन्यवाद, रानजाई. मग बाजारातली कांडं वायाच का? आणि वेल 'कॉर्डिफोलिया'च आहे हे आधी मला स्वतःला कसं कळेल? इथल्या एका वेलीच्या कांडावर फोड आहेत, म्हणून ती सोडून दिली.

टाकळा
ती वेल सोडायची घाई करू नका. कांडावर फोड म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पा, हे फेब्रुवारी 2022 मध्ये आयुष मंत्रालयाने दोन्हींतल्या फरकाची माहिती प्रसिद्ध केल्यापासून डोक्यात बसलंय. पण कॉर्डिफोलियाच्या जून कांडावरही गोल श्वासरंध्रांमुळे उंचवटे येतातच, फार्माकोपियातल्या वर्णनातच ते आहेत. कोवळं कांड हिरवं, गुळगुळीत, पेऱ्यांशी फुगलेलं. जून झालं की वर फिकट तपकिरी, कागदासारखी पातळ साल, नखाने खरवडली की खाली हिरवं दिसतं. क्रिस्पाचे फोड दाट असतात, कांडभर उठलेले असतात, कांडाचा रंग राखाडीकडे जातो आणि कापल्यावर दुधट स्राव येतो.

खात्री फुलाफळांवरून करायची. कॉर्डिफोलियाच्या फुलाला पाकळ्या सहा, क्रिस्पाला तीन. फळ कॉर्डिफोलियाचं गोल आणि लालभडक, क्रिस्पाचं लांबट आणि नारिंगी. फुलं पिवळट आणि अगदी बारकी असतात, त्यामुळे दहा पटींचं भिंग खिशात हवं.

आपल्या सह्याद्री-कोकणाच्या बाजूला मात्र क्रिस्पापेक्षा टिनोस्पोरा सायनेन्सिस भेटायची शक्यता जास्त. मलबारिका नावाने जुन्या पुस्तकांत आहे ती हीच. पान उलटं करून बोट फिरवा. कॉर्डिफोलियाचं पान खालूनही गुळगुळीत असतं, सायनेन्सिसच्या पानाला खालून लव असते. पाच सेकंदांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

नर-मादी वेली वेगळ्या असतात हेही लक्षात ठेवा. नर फुलं झुबक्याने येतात, मादी फुलं सहसा एकेकटी. तुमची वेल नर निघाली तर तिला फळ कधीच धरणार नाही, वाट पाहत बसाल. नर फुलांवरूनही जात ठरते.

बाजारातली कांडं टाकू नका. तुमच्या नमुन्याशेजारी 'बाजारनमुना' म्हणून तीच परीक्षणं त्यावर करा, प्रबंधाला एक चांगला तक्ता मिळेल.

रानजाई
आता शीट. गुळवेलीची अडचण अशी की तुरे येतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, पानं झडलेली असताना. एकाच फांदीवर पान आणि फूल मिळालं तर नशीब. म्हणून टॅग. पावसाळ्यानंतर पानांची फांदी काढायची, उन्हाळ्यात त्याच वेलीची फुलांची. दोन तारखांच्या संकलनांना एकच क्रमांक देऊ नका. प्रत्येक वेळी नवा क्रमांक द्या आणि लेबलवर 'अमुक क्रमांकाचीच वेल' असं लिहा.

तीसेक सेंटिमीटरची फांदी, एकाच वेलीच्या निदान चार. एक संस्थेत जमा होईल, एक विभागाच्या संग्रहाला, बाकी राखीव.

पानं गळतात, कारण गुळवेलीचं मांसल कांड तोडल्यावरही मरत नाही. झाडावर तोडून लटकवलेलं कांड खाली मुळ्या सोडतं, तसंच ते प्रेसमध्येही जिवंत राहतं आणि देठापाशी पान सोडून देतं. त्यामुळे आधी ते मारावं लागतं. कांडाचा भाग उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, पानं पाण्याबाहेर धरून. फडक्याने टिपा. करंगळीपेक्षा जाड कांड असेल तर धारदार ब्लेडने उभं चिरून अर्धंच ठेवा, चिरलेली बाजू कागदाकडे.

मग वर्तमानपत्र, टीपकागद आणि करकचून पट्टे. पहिला बदल 24 तासांच्या आत. तेव्हा पानं मऊ असतात, त्यामुळे घड्या सरळ करायची हीच वेळ. एक पान मुद्दाम उलटं ठेवा म्हणजे खालचा पृष्ठभाग दिसेल. सायनेन्सिसचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. पहिले चार दिवस रोज कागद बदला, नंतर एक दिवसाआड, एकूण आठ ते बारा दिवस. पावसाळी हवेत कागद बदलायचा आळस केला की पान काळं पडतं आणि बुरशी धरते. तरी एखादं पान गळलंच तर फेकू नका. कागदाचं पाकीट करून शीटवर चिकटवा, पान त्यात.

किडीसाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण लावत. ते पाऱ्याचं विष आहे, विभागातल्या जुन्या शीट हाताळताना हातमोजे घाला, आणि स्वतः ते वापरू नका. वाळलेला नमुना पॉलिथिनमध्ये बंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून सगळी मेहनत ओली होते.

शीटचा आकार साधारण 42 × 28 सेंटिमीटर. जाड कांड दोऱ्याने टाचा, पानं पातळ फेविकॉलने. सेलोटेप नको, दोन-तीन वर्षांत पिवळी पडून सुटते. लेबल उजवीकडे खालच्या कोपऱ्यात: शास्त्रीय नाव, कुल मेनिस्पर्मेसी, गाव-तालुका-जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणत्या झाडावर चढली होती, फुलाफळाचा ताजा रंग, संकलकाचं नाव आणि क्रमांक. रंग आणि आश्रयाचं झाड जागेवरच लिहा. वाळल्यावर लाल फळ तपकिरी दिसतं, आणि 'निंबावरची गुळवेल' हा दावा कोणतीही संस्था कांडं पाहून तपासू शकत नाही.

राखीव जंगलातून काढणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. शेताच्या बांधावरची असेल तर मालकाला विचारलं की झालं.

खलबत्ता
चाचण्यांचं मी सांगतो. आयुर्वेदिक फार्माकोपियात गुडूची म्हणजे वाळलेली, परिपक्व कांडं, उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात गोळा केलेली. पावसाळ्यात पाणी भरलेली कांडं काढून तुलना करू नका.

मर्यादा अशा: बाह्य पदार्थ 2 टक्क्यांपेक्षा जास्त नको, एकूण राख 16 टक्क्यांपेक्षा जास्त नको, आम्लात न विरघळणारी राख 3 टक्क्यांपेक्षा जास्त नको, अल्कोहोलमध्ये विरघळणारा अर्क 3 टक्क्यांपेक्षा कमी नको, पाण्यातला अर्क 11 टक्क्यांपेक्षा कमी नको.

अर्काची पद्धत: 5 ग्रॅम भरड चूर्ण, 100 मिली अल्कोहोल, बंद फ्लास्कमध्ये 24 तास. पहिले 6 तास अधूनमधून हलवत राहा, पुढचे 18 तास स्थिर. गाळून त्यातले 25 मिली वजन केलेल्या बशीत आटवा, 105 अंशांवर वाळवा. अवशेषाचे ग्रॅम गुणिले 80 म्हणजे टक्के. पाण्याच्या अर्काला क्लोरोफॉर्म वॉटर घ्या. साधं पाणी घेतलं तर 24 तासांत आंबतं आणि आकडा भरवशाचा राहत नाही. 3 टक्क्यांची मर्यादा म्हणजे बशीत जेमतेम 0.0375 ग्रॅम, त्यामुळे चार दशांश स्थळांचा वजनकाटा नसेल तर ही चाचणी करूच नका.

राख 450 अंशांच्या वर नेऊ नका. आम्लात न विरघळणारी राख जास्त आली तर आधी माती आठवा. कांडं जमिनीवर पसरून वाळवली की सालीच्या खडबडीत भागात आणि लोंबत्या मुळ्यांत वाळू अडकते. कापायच्या आधी अख्खी कांडं धुवा, मुळ्या काढा. कापल्यावर धुतलीत तर बुळबुळीत द्रव्य आणि स्टार्च पाण्याबरोबर जातं आणि पाण्याचा अर्क 11 च्या खाली येतो. नापास नमुन्यांमागे बहुतेकदा ही दोनच कारणं असतात, त्यांना भेसळ म्हणू नका.

वाळवताना तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, जाड असतील तर उभे चिरा. साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून अख्खं कांड बाहेरून कोरडं लागतं आणि आत बुरशी धरते. ओल्या मालातून किती कोरडा हाती येतो ते आधी अर्धा किलोवर पाहा, मग एकूण गरज काढा.

आडवा छेद घ्याच. दहा-बारा किंवा जास्त पाचरीसारख्या काष्ठपट्ट्या, मधून रुंद किरण, गाडीच्या चाकासारखं चित्र दिसतं. सत्त्वासाठी सूक्ष्मदर्शक तर फारच उपयोगी. बटाट्याचा स्टार्च मिसळलेला असेल तर मोठे, शिंपल्यासारख्या वलयांचे कण लगेच डोळ्यात भरतात. गुळवेलीचे कण त्यापुढे खूप बारीक.

वावडिंग
बर्बेरीन मोजून ओळख सिद्ध होईल का? आणि यकृतावरच्या दुष्परिणामांबद्दल परीक्षक विचारतील, तेव्हा 'ती क्रिस्पा होती' एवढं उत्तर पुरेल का?

टाकळा
बर्बेरीन दारुहळदीतही भरपूर असतं. ते सापडलं म्हणजे गुळवेल, असं होत नाही. ओळखीसाठी शीट, आडवा छेद आणि प्रमाणित नमुन्याशेजारी लावलेली टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी), हे तीन एकत्र द्या.

दुसऱ्या प्रश्नाला ते उत्तर देऊ नका. 2021 मध्ये मुंबईतल्या रुग्णांवरचा लेख आला, तेव्हा रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचं विश्लेषणच केलं नाही, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. पण 2022 मध्ये 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला, त्यात नमुन्यांची तपासणीही होती. जात, मात्रा, किती दिवस घेतलं, रुग्णाला आधी यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार होता का, हे सगळं वेगवेगळं मांडा. परीक्षकांना तेच हवं असतं.

रानजाई
प्रबंधात लिहिताना तीन क्रमांकांची गल्लत करू नका. संकलन क्रमांक तुमचा, वहीतला. प्रमाणपत्राचा जावक क्रमांक संस्थेच्या पत्राचा. ॲक्सेशन क्रमांक मिळतो तो शीट संस्थेच्या हर्बेरियममध्ये जमा झाली तरच. 'व्हाउचर नमुना' (ओळखीचा पुरावा म्हणून जपलेला नमुना) म्हणून ॲक्सेशन क्रमांक आणि हर्बेरियमचं नाव द्या, कंसात संकलन क्रमांक. पत्राचा जावक क्रमांक व्हाउचर म्हणून छापला, तर दहा वर्षांनी शोधायला गेलेल्याला शीट सापडणार नाही. प्रमाणपत्र घेताना काउंटरवरच विचारा, शीट जमा झाली की परत देताय. परत देत असतील तर तुमच्या विभागाच्या हर्बेरियममध्ये नोंदवून तिथला क्रमांक घ्या. आणि औषधाच्या कांडांपैकी 100 ग्रॅम, न दळलेली, त्याच क्रमांकाने सीलबंद बरणीत वेगळी ठेवा. तोंडी परीक्षा होईपर्यंत ती बरणी उघडू नका.