निवडलेल्या ओळीचा रंग: सिलेक्टलाच रंगवायचं, की यादी नव्याने बांधायची?

काठपदर (धागाकर्ता)

अर्जात महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची यादी आहे आणि एकापेक्षा जास्त जिल्हे निवडता यायला हवेत. साधा सिलेक्ट (एचटीएमएलची निवडयादी), त्याला मल्टिपल (अनेक निवडी) आणि साइझ १० (एका वेळी दहा ओळी). मागणी एवढीच, की निवडलेली ओळ ब्राउझरच्या ठरलेल्या रंगाऐवजी संकेतस्थळाच्या गडद निळ्यात (आरजीबी ११, ६१, १४५) दिसावी.

ऑप्शनला (यादीतल्या ओळीला) सीएसएसचा ‘चेक्ड’ हा स्यूडो-क्लास (निवडलेली अवस्था ओळखणारा सिलेक्टर) लावून बॅकग्राउंड-कलर दिला, तर क्रोममध्ये यादीवर फोकस (कळफलकाचा रोख) असेपर्यंत तो उमटतच नाही. इम्पॉर्टंट (‘हा नियम वरचढ’ असा शेरा) लावूनही नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमध्येच त्या ओळीच्या रंगाला इम्पॉर्टंट आहे, आणि कॅस्केडच्या (कोणता नियम जिंकतो ते ठरवणाऱ्या) नियमाने ब्राउझरचा इम्पॉर्टंट आपल्या इम्पॉर्टंटपेक्षा वरचढ ठरतो.

पण हा पहारा फक्त रंगावर आहे, चित्रावर नाही. म्हणून बॅकग्राउंड-कलरऐवजी बॅकग्राउंड-इमेजमध्ये लिनिअर-ग्रेडियंट (रंगांचा उतार) द्यायचा आणि दोन्ही टोकांना एकच निळा ठेवायचा. चित्र रंगाच्या वर रंगवलं जातं, त्यामुळे ओळ निळी दिसते.

माझं ठाम मत आहे की इथेच थांबावं. शिफ्ट धरून बाणाने निवड वाढवणं, अक्षर दाबून त्या नावावर उडी, रिक्वायर्डची तपासणी, फॉर्म रीसेट हा सगळा कारभार ब्राउझर फुकटात सांभाळतो. केवळ रंगासाठी तो का मोडायचा? वेगळं मत असेल तर कारणासकट लिहा.

चौकट

सहमत नाही. ग्रेडियंट अर्धाच प्रश्न सोडवतो. क्रोम फोकस असताना अक्षरांचा रंगही इम्पॉर्टंटनेच ठरवतो, आणि त्याला तुमच्या ग्रेडियंटची काहीच कल्पना नसते. गडद निळ्यावर काळपट अक्षरं आली, तर उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २:१ उरतो. वाचनासाठी किमान ४.५:१ लागतो. पांढरी अक्षरं आली असती तर हाच निळा सुमारे १०:१ देतो, पण ती आणणं तुमच्या हातात नाही. म्हणजे या युक्तीत गडद रंग चालतच नाही.

आणि फोनवर काय? आयफोनवर आणि अँड्रॉइडच्या जुन्या ब्राउझरांवर मल्टिपल सिलेक्टची यादी पानावर दिसतच नाही. एक बंद चौकट दिसते, तिच्यावर टिचकी मारली की प्रणालीचा स्वतःचा निवडक उघडतो. साइझ १० तिथे निरर्थक, ऑप्शनची सीएसएस तिथपर्यंत पोचत नाही. अर्ज भरणारे बहुतांश फोनवरच असतील, तर ही मेहनत कोणासाठी?

काठपदर

फोनचा मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे. प्रणालीचा निवडक बोटाला सोपा असतो, लोकांच्या सवयीचा असतो. तिथे आपला निळा दिसला नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही.

अक्षरांच्या रंगाबाबत मान्य. गडद निळा सोडावा लागेल. फिकी छटा घेतली तर काळी अक्षरं वाचता येतील.

चौकट

फिकी म्हणजे किती? सगळीकडे दिसणारा फिका निळा (२३२, २४०, २५४) पांढऱ्या पार्श्वभूमीशी फक्त १.१५:१ देतो. उन्हात फोन धरला किंवा स्वस्त मॉनिटर असला, तर कोणती ओळ निवडली ते कळणारच नाही. केशरी (२५५, १५३, ५१) घेतला तर काळं अक्षर त्यावर ९.९:१ ने उठून दिसतं, पण पांढऱ्या ओळीशी त्याचा फरक २.१:१. फॉर्ममधल्या घटकाची अवस्था ओळखू यावी यासाठी ३:१ हवा. नुसत्या रंगावर निवड दाखवायचं ठरवलं की ही ओढाताण होणारच. रंगाच्या जोडीला एक खूण लागते, टिक किंवा डाव्या कडेला जाड पट्टी.

साधी_वाट

खूण हवी असेल तर चेकबॉक्स वापरा की! मल्टिपल सिलेक्टचा सर्वांत मोठा दोष रंगाचा नाहीच. कंट्रोलची कळ न दाबता नुसतं क्लिक केलं की आधी निवडलेलं सगळं पुसलं जातं. सात जिल्हे निवडून झाले, आठव्याला बोट चुकलं, सात गेले. मॅकवर तर कंट्रोलऐवजी कमांड. हे अर्जात लिहून सांगावं लागतं, आणि लिहिलेलं कोणी वाचत नाही.

मांडणी अशी करा. फील्डसेट (घटकांचा गट), त्यात लेजंड (गटाचं शीर्षक), आत उंचीची मर्यादा आणि ओव्हरफ्लो ऑटो (जास्तीचं स्क्रोल होतं) असलेला एक डिव्ह (साधा डबा), त्यात ३६ लेबलं आणि प्रत्येकात एक चेकबॉक्स. ओळ रंगवायला लेबलवर ‘हॅज’ हा सिलेक्टर वापरायचा: ज्या लेबलात चेक्ड इनपुट आहे ते निळं, अक्षरं पांढरी. ‘हॅज’ क्रोम १०५, सफारी १५.४ आणि फायरफॉक्स १२१ पासून चालतो. जुन्या ब्राउझरसाठी ‘चेक्ड इनपुटशेजारचा स्पॅन’ हा पर्यायी नियम लिहाल, तो वेगळा लिहा. दोन्ही सिलेक्टर स्वल्पविरामाने एकाच नियमात जोडले, तर ‘हॅज’ न समजणारा ब्राउझर अख्खा नियमच टाकून देतो.

चेकबॉक्सला डिस्प्ले नन मात्र देऊ नका. दिसणं जातं, त्याबरोबर फोकसही जातो. टिकचा रंग ॲक्सेंट-कलरने बदला. आतल्या खुणेचा रंग मग ब्राउझरच त्याला साजेसा निवडतो.

कळफलक

माउस न वापरणाऱ्यांचा विचार कोणी केलेला दिसत नाही. सिलेक्टला एक टॅब लागतो. ३६ चेकबॉक्सना ३६ टॅब. यादीच्या खाली असलेल्या ‘पुढे’ बटणापर्यंत पोचायला इतक्या वेळा टॅब दाबायचा, हा अर्ज आहे की शिक्षा? ‘र’ दाबून थेट रत्नागिरीवर जायची सोयही गेली.

साधी_वाट

मुद्दा खरा आहे, तो नाकारत नाही. यादीच्या आधी ‘यादी ओलांडून पुढे जा’ असा दुवा ठेवा आणि वर नाव गाळण्याची चौकट द्या. महसुली विभागांप्रमाणे सहा गट केले तर शोधणंही सोपं होतं. यावर मी तडजोड करेन, पण एका चुकीच्या क्लिकने निवड पुसली जाण्यावर नाही.

नवबांधणी

मग तिसरा मार्ग घ्या. डिव्हला लिस्टबॉक्सचा रोल, आतल्या ओळींना ऑप्शनचा, वर एरिया-मल्टिसिलेक्टेबल (एरिया म्हणजे ARIA, पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठीच्या खुणा), प्रत्येक ओळीला एरिया-सिलेक्टेड. सीएसएस याच एरिया-सिलेक्टेडवर बांधायची, वेगळा क्लास नको. म्हणजे डोळ्यांना एक आणि स्क्रीन रीडरला दुसरंच असं होत नाही. टॅब एकच, साध्या स्पेसने निवड उलटते, आधीचं पुसलं जात नाही. रंग, टिक, पट्टी सगळं तुमचं.

कळफलक

आणि जबाबदारीही तुमची. वर-खाली बाण, होम, एंड, शिफ्ट-बाण, कंट्रोल-ए, फोकसची ओळ दिसेल इतकं स्क्रोल, रीसेटला निवड मागे नेणं, सबमिटला किमती पाठवणं हे सगळं हाताने लिहायचं. अक्षर दाबून उडी मारणं मराठीत विशेष फसतं. इनपुट मेथडने देवनागरी टाइप करताना कीडाउनमध्ये (कळ दाबल्याच्या घटनेत) अक्षर येत नाही, ‘प्रोसेस’ एवढंच येतं, कीकोड २२९. इंग्रजी यादीवर तपासलेला कोड इथे मुका बसतो.

आणखी एक खोड. विंडोजवर हाय कॉन्ट्रास्ट चालू असेल तर ब्राउझर आपले पार्श्वभूमीचे रंग काढून प्रणालीचे लावतो. हाताने बांधलेल्या यादीत निवडलेली आणि न निवडलेली ओळ सारखीच दिसू लागते. ही अवस्था ओळखणाऱ्या फोर्स्ड-कलर्सच्या मीडिया क्वेरीत निवडलेल्या ओळीला हायलाइट आणि हायलाइट-टेक्स्ट हे प्रणालीचे रंग, सोबत फोर्स्ड-कलर-अॅडजस्ट नन, हे स्वतःहून द्यावं लागतं. काठपदर यांच्या सिलेक्टला यातलं काहीच लागत नाही. त्या अवस्थेत ग्रेडियंट आपोआप निघून जातो आणि ब्राउझरची मूळ खूण परत येते. हे त्या युक्तीचं मोठं बळ आहे, आणि ते इथे कोणी मोजलं नाही.

नवबांधणी

फोर्स्ड-कलर्सचं बरोबर, तेवढ्या चार ओळी लागतातच. पण २०२५च्या एप्रिलमध्ये आलेल्या क्रोम १३५ पासून सीएसएसच्या अपिअरन्स गुणधर्माला बेस-सिलेक्ट देऊन खरा सिलेक्टच रंगवता येतो. ऑप्शनच्या टिकसाठी वेगळा चेकमार्क स्यूडो-एलिमेंट आहे, आणि बंद चौकटीत काय दिसावं ते सिलेक्टेडकंटेंटने ठरतं. ऑप्शनमध्ये जिल्ह्याखाली विभागाचं नाव लिहिलं असेल, तर बंद चौकटीत तेवढंच लपवता येतं.

चौकट

हे १३५ मध्ये आलं ते एकच निवड असलेल्या ड्रॉपडाउनसाठी. या धाग्याचा प्रश्न मल्टिपलचा आहे. शिवाय सिलेक्टेडकंटेंट ही निवडीच्या वेळी घेतलेली नक्कल असते. नंतर स्क्रिप्टने ऑप्शनचा मजकूर बदलला तर चौकटीत जुनाच राहतो. जिल्हा एकच निवडायचा असेल तिथे जरूर वापरा. ज्या ब्राउझरला कळत नाही तो साधा सिलेक्ट दाखवतो.

काठपदर

हाय कॉन्ट्रास्टचा आधार मिळाला तरी ३६ नावांसाठी चेकबॉक्सकडे वळतो आहे, आणि कारण रंग नाही, निवड पुसली जाणं हेच आहे. ड्रॉपडाउन जिथे एकच निवडीचे आहेत तिथे सिलेक्ट सोडणार नाही.

साधी_वाट

मग दोन गोष्टी सांभाळा. लेबलाची लाइन-हाइट १ ठेवू नका. ‘धुळे’ निवडलेलं नाही आणि खालचं ‘नंदुरबार’ निवडलेलं आहे असं पाहा: ‘धु’चा उकार खालच्या निळ्या पट्टीत उतरतो, निळ्यावर काळं, आणि वाचणाऱ्याला ‘धळे’ दिसतं. १.६ लाइन-हाइट आणि वर-खाली ६ पिक्सेल पॅडिंग दिलं की उकार आपल्या ओळीत राहतो, बोटालाही पुरेशी जागा मिळते. ‘छत्रपती संभाजीनगर’ अरुंद पडद्यावर दोन ओळींत मोडू द्या; सिलेक्टमध्ये ते कापलंच गेलं असतं.

दुसरं, व्हॅल्यूमध्ये (अर्जासोबत पाठवल्या जाणाऱ्या किमतीत) जिल्ह्याचं नाव नको, सांकेतिक क्रमांक ठेवा. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. व्हॅल्यूत नाव असेल तर जुना अर्ज पुन्हा उघडल्यावर ती ओळ निवडलेली दिसणारच नाही, आणि दोष मात्र सीएसएसमध्ये शोधला जाईल.