टेनेट : कुठे पाहिलात, कोणाबरोबर, आणि किती कळला?

अनघा_दादर
काल भाचा राहायला आला होता. जेवणं झाल्यावर टीव्हीवर ‘टेनेट’, तो काळ उलटा फिरवणारा इंग्रजी सिनेमा, लावून बसला, सबटायटल चालू करून. मी ओटा पुसता पुसता दारात आले आणि फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांनी मला शोध लागला की त्या शिडाच्या बोटींवर माणसं एकमेकांशी बोलत असतात! थिएटरात मला वाटलं होतं, नुसता वारा आणि संगीत आहे.

मी तो पाहिला डिसेंबर २०२० मध्ये, बाबांबरोबर. मार्चपासून बाबा गच्ची सोडून कुठे गेले नव्हते. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पेपरात वाचून म्हणाले, “यात डिंपल आहे म्हणे. मग जाऊ.” लग्न ठरल्यावर आईबरोबर त्यांनी पाहिलेला पहिला सिनेमा ‘बॉबी’, १९७३ चा. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, मीही सांगत बसले नाही.

एक सोडून एक खुर्ची बंद होती. बाबा, मग फुलीचा कागद चिकटवलेली खुर्ची, मग मी. मास्क लावलेले आम्ही वीसेक जण आणि पडद्यावरही निम्मे लोक मास्क लावलेले. अर्ध्या तासाने बाबा त्या रिकाम्या खुर्चीवरून वाकून म्हणाले, “रीळ उलटं लागलंय का गं?” मी म्हटलं नाही, ते तसंच आहे. त्यांनी मान हलवली आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, “डिंपल अजून छान दिसते.” माहीमपर्यंत गप्प. मग, “पण ती वाईट निघाली हे काही पटलं नाही.”

तुमचे अनुभव लिहा. कळला म्हणणाऱ्यांनी पुरावा द्यावा :)

कुकरच्या_शिट्ट्या
मी पयली! वाचून डोळ्यात पाणी आणि हसू एकदम. आमच्याकडे नवऱ्याने मध्यंतरात बाहेर येऊन युट्यूबवर ‘टेनेट एक्सप्लेन्ड’ लावला. अर्धाच सिनेमा पाहिला असताना! पॉपकॉर्न आत नेऊ देत नव्हते, त्यामुळे आम्ही दोघं जिन्यात उभं राहून पॉपकॉर्न संपवतोय आणि एक अमेरिकन पोरगा आम्हाला एन्ट्रॉपी (म्हणजे पसाऱ्याचं माप म्हणे, काळ पुढे जातो तसं वाढणारं) शिकवतोय. दुसऱ्या भागात मला जे थोडंफार कळत होतं तेही गेलं. बाकी नंतर लिहिते, भाजी लागतेय.

ग्रँटरोडचा_गण्या
आम्ही ह्याचं शूटिंग पाहिलंय राव. सप्टेंबर २०१९, गणपती नुकतेच गेलेले, पाऊस काय थांबत नव्हता. आमच्याकडे ग्रँट रोडला क्रेन, दोर, छत्र्या आणि गोरे लोक. सिक्युरिटीवाला सगळ्यांना एकच सांगत होता, मोबाईल खिशात ठेवा. कुलाब्यात, गेटवेजवळ, कॅफे मोंडेगारपाशी पण चालू होतं. चार-पाच दिवसांत आटोपलं सगळं. आमच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं कोणाचा पिक्चर, कोणीतरी म्हणालं डिंपलचा. बस, त्या दिवसभर खिडकीत. डिंपल काय दिसली नाही.
पिक्चरमध्ये ते दोघं दोराने इमारतीवर उडतात तेव्हा अख्ख्या थिएटरात मी एकटा ओरडलो, “अरे आपली मुंबई!” बाजूचा म्हणाला, हळू, आधीच काही ऐकू येत नाहीये.

अर्धवटराव
कळला. पुरावा नाही.

एडिसनची_मावशी
न्यूयॉर्क शहरात तेव्हा थिएटरं बंदच होती, ती मार्च २०२१ मध्ये उघडली. न्यू जर्सीत मात्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाव क्षमतेने उघडली. त्यामुळे क्वीन्समधली आमची पुतणी आणि तिचे दोन मित्र पूल ओलांडून आमच्याकडे आले, फक्त या सिनेमासाठी. मला म्हणाली, काकू तूही चल. सहा महिने मी कोथिंबीरसुद्धा साबणाने धुतलेली, मी काय जाणार! पण गेले.
खरं सांगू? गोष्टीतलं मला इतकंच कळलं की एक बाई आहे, तिचा नवरा नालायक आहे आणि तिला आपला मुलगा जवळ हवाय. तेवढं कळलं तरी पुरलं मला. बाकीचं ते बंदुकीत गोळी परत येणं वगैरे पोरांनी परतताना गाडीत सांगितलं. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

चष्मिष
लोक फक्त ‘कळला नाही’वर अडकतात म्हणून जरा लिहितो. हा सिनेमा आला त्या वेळेने त्याचं बरंच वाटोळं केलं. जुलै २०२० चा मुहूर्त दोन-तीनदा पुढे गेला, शेवटी ऑगस्टअखेर युरोपात आणि इतरत्र लागला, अमेरिकेत ३ सप्टेंबरला. ‘थिएटरं वाचवणारा सिनेमा’ असं ओझं त्याच्या डोक्यावर. खर्च वीस कोटी डॉलरच्या घरात, जगभरातून आले छत्तीस कोटींच्या आसपास, त्यात अमेरिकेचा वाटा सहा कोटींच्याही आत. थिएटरवाल्यांचा हिस्सा आणि जाहिरात वजा केली तर स्टुडिओच्या हातात काय राहिलं असेल ते बघा.
आणि गंमत म्हणजे आपल्याकडे तो ४ डिसेंबरला लागला. आदल्याच दिवशी त्याच्या स्टुडिओने, वॉर्नरने, जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षीचे त्यांचे सगळे सिनेमे अमेरिकेत थिएटरबरोबर त्याच दिवशी घरच्या टीव्हीवर दाखवणार. नोलन भडकला आणि पुढचा सिनेमा ‘ओपनहायमर’ घेऊन युनिव्हर्सल या दुसऱ्या स्टुडिओकडे गेला.
समीक्षकांचं म्हणाल तर लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये कॅथरीन शोर्डने दोन तारे दिले आणि त्याच ‘गार्डियन’मध्ये पीटर ब्रॅडशॉने पाच. एकाच पेपरात! मला दोन्ही पटले. थंड आहे हे खरं, आणि असलं काही करायची हिंमत दुसरं कोण करतंय हेही खरं.

पेठेतला_पेन्शनर
दोन अधिक पाच भागिले दोन, साडेतीन. आमचे मत तेवढेच. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

कोल्हापुरी_ठसका
आमी हिंदीत बघितला. भावानु, हिंदीत समदं ऐकाय येतंय! आवाजाची भानगडच न्हाई. पण ऐकाय आलं म्हणून कळंल असं न्हाई. मित्र म्हणला इंग्रजीत बघितला असता तर निदान ‘इंग्रजी हाय म्हणून कळंना’ म्हणाय आलं असतं. आता कुणाला दोष देयाचा?
गाड्या उलट्या पळतात तो शीन मातूर नाद खुळा. दोनदा बघितला त्या शीनसाठी.

बाल्टिक_मराठी
तो शीन टॅलिनचा :) एस्टोनिया. त्या उन्हाळ्यात मी तिथेच नोकरीला. लाग्ना रस्ता म्हणजे शहराच्या अर्ध्या लोकांचा रोजचा कामाचा रस्ता, तो शूटिंगसाठी बंद करायचा म्हटल्यावर महापौर आधी तयारच नव्हते. ऑफिसात सगळे बसचे मार्ग बदलले म्हणून कुरकुरत होते आणि सिनेमा लागल्यावर तेच लोक ‘ही बघ माझी बस लेन’ म्हणत होते. सुरुवातीचा कीवचा ऑपेरा आहे ना, ती टॅलिनची लिन्नाहॉल. १९८० च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यती टॅलिनला झाल्या तेव्हा बांधलेली, आता बंद पडलेली इमारत. तिथल्या लोकांनी सिनेमाला नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. गोष्ट कोणी विचारलीच नाही, फक्त कुठे काय घेतलंय ते.

ग्रँटरोडचा_गण्या
@बाल्टिक_मराठी सेम टू सेम. मोंडेगार दिसलं की आमच्यात पार्टी.

तंबूतला
अनघाताईंच्या बाबांच्या ‘रीळ उलटं’वरून आठवलं. आमचे चुलते जत्रेतल्या तंबूत ऑपरेटर होते, साताऱ्याकडच्या गावांतून. एकदा पावसात पेट्या हलवताना रिळांची अदलाबदल झाली. पौराणिक सिनेमा, चौथं रीळ दुसऱ्याच्या जागी. म्हणजे आधी वनवास, मग लग्न. पब्लिकने काही ओरडा केला नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ, ज्याने त्याने मनातल्या मनात लावून घेतली. एक म्हातारी फक्त म्हणाली, “बरं झालं, शेवट गोड केला.”
चुलत्यांना मी टेनेट मोबाईलवर दाखवला. दहा मिनिटं बघून म्हणाले, “ह्याला मजुरी कोण देतंय? रिळं चुकली तेव्हा आमची पगारातनं कापली होती.”

कुकरच्या_शिट्ट्या
तंबूतला, फुटले!! मुलगी विचारतेय आई एकटी का हसतेस.

पूर्वाश्रमीची_फिजिक्सवाली
पेपर तपासायचे सोडून इथे आलेय. सिनेमात उलट्या काळातला पॉझिट्रॉन असा एक उल्लेख येतो, व्हीलर आणि फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञांच्या नावाने. ते हवेतलं नाही. पॉझिट्रॉन म्हणजे काळात मागे जाणारा इलेक्ट्रॉन असं गणितात मांडता येतं. त्याच दोघांचा १९४५ चा आणखी एक सिद्धांत आहे, ज्यात लहरी काळात पुढेही जातात आणि मागेही, मागच्या कटतात म्हणून आपल्याला फक्त पुढच्या दिसतात. त्याला विश्वरचनेशी जोडायचं काम ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर कोणी केलं? आपल्या जयंत नारळीकरांनी! शाळेत मी त्यांच्या भाषणाला गेले होते, पहिल्या रांगेत, एक प्रश्नही विचारला होता, तो इतका बावळट होता की इथे लिहिणार नाही. त्यांनी तो गंभीरपणे घेऊन उत्तर दिलं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले त्या दिवशी मला तोच प्रश्न आठवत होता.
सिनेमाबद्दल : एका माणसाची एन्ट्रॉपी उलटी केली तर तो श्वास कसा घेणार हे त्यांनी मास्कने सोडवलं. मग बघणार कसा? प्रकाश डोळ्यातून बाहेर जायला हवा ना! तिथे नोलनने पण गुंडाळलंय. सिनेमातली शास्त्रज्ञ बाईच सांगते, समजून घेऊ नकोस, जाणवून घे. माझ्या विद्यार्थ्यांनी हेच उत्तरपत्रिकेत लिहिलं तर चालेल का?

पेठेतला_पेन्शनर
बाई, प्रश्न काय होता ते सांगा.

पूर्वाश्रमीची_फिजिक्सवाली
नाही.

शब्दवेडी
अवांतर : टेनेट इंग्रजीत उलटसुलट सारखं. मराठीत लिहिलं की उलट वाचून ‘टनेटे’ होतं. म्हणजे मराठीत नोलनची आयडिया पहिल्याच अक्षराला बारगळली. आपल्याकडे कसं, चिमा काय कामाची!

अर्धवटराव
ती होडी जाडी होती. (बोटीचा सीन)

कोल्हापुरी_ठसका
रामाला भाला मारा (फायटिंग)

कुकरच्या_शिट्ट्या
सर जाताना प्या ना ताजा रस

चष्मिष
टेप आणा आपटे. साउंड मिक्सिंगला उद्देशून.

शब्दवेडी
@चष्मिष 😂😂 बक्षीस तुम्हाला

नागपुरी_संत्रं
काय बे, सगळे कविता करून राहिले. मी सांगतो, शेवटी तो नील, हिरोचा दोस्त, दार उघडायला परत जाते ना, तो लाल दोरावाला, तेव्हा मले एकदम लख्खकन समजलं का याले आधीपासून सगळं मालूम होतं आणि तरी तो मरायला जाते. बाकी पिक्चर गेला खड्ड्यात, तिथं रडलो. बाजूले साळा होता, त्याले सांगितलं सॅनिटायझर डोळ्यात गेलं.

दर_शनिवारी
स्पॉयलर!!! आज रात्री बघणार होतो.

नागपुरी_संत्रं
भाऊ, बिनधास्त बघ. सांगूनही समजत नाही.

सूरपेटी
संगीताबद्दल कोणी लिहिलंच नाही. लुडविग गोरान्सनचं आहे, नोलनचा नेहमीचा संगीतकार हॅन्स झिमर तेव्हा ‘ड्यून’ या दुसऱ्या सिनेमात अडकलेला. त्या खलनायकाच्या वेळी जो घुसमटल्यासारखा श्वास ऐकू येतो तो खुद्द नोलनचा, माइकवर घेऊन बिघडवलेला. मी कोविडमधून उठून पंधरा दिवसांनी थिएटरात गेले होते. तो श्वास सुरू झाला आणि मी बाहेर. बाकीचा सिनेमा पुढच्या वर्षी घरी पाहिला, आवाज कमी करून. लोक संवाद ऐकू येत नाहीत म्हणत होते, मला श्वास नको होता.

एडिसनची_मावशी
@सूरपेटी अगं काळजी घे. आता बरी आहेस ना?

सूरपेटी
हो मावशी, आता गातेसुद्धा.

दर_शनिवारी
पाहिला. नील कोण?

अनघा_दादर
सगळ्यांना एकत्रच लिहिते, वेळ झाला. प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. तंबूवाल्यांच्या म्हातारीला ते खूप हसले. ‘बक्षीस समितीत मलाही घ्या’ म्हणतायत, त्यांची एन्ट्री : तो कवी डालडा विकतो.

मग रविवारी भाच्याने त्यांना सबटायटल लावून परत दाखवला. कानाचं यंत्र काढून ठेवलं, म्हणाले वाचायचंच आहे तर ते कशाला. शिडाच्या बोटींना थांबवून थांबवून वाचलं. मी म्हटलं कळतंय का बाबा, तर म्हणाले, “तेव्हाही कळला होता, तू विचारलं नाहीस.”

शेवटाकडे डिंपल गाडीत बसलेली असते, तो प्रसंग यायच्या जरा आधी उठले आणि पाणी प्यायला आत गेले. परत येईपर्यंत तो होऊन गेला होता. भाचा म्हणाला, आजोबा मागे घेऊ का? म्हणाले, नको.