सिगारेट सोडवणारे मेसेज: उपयोग की टाइमपास?

घाटमाथा (धागाकर्ता)

फोनवर मेसेज येऊन कुणाची सिगारेट सुटते का, यावरून परवा आमच्या ग्रुपात चांगलीच जुंपली. बहुतेकांचा सूर 'कसलं काय' असाच होता. माझं मत उलट आहे, म्हणून इथे धागा काढतोय.

आपल्याकडे सरकारी सोय आहे, तीही फुकट. 011-22901701 वर मिस्ड कॉल द्यायचा, की मेसेज यायला लागतात. आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेला सोबत घेऊन 2016 च्या आसपास हे सुरू केलं. 20 लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. तरी माझ्या ओळखीतल्या एकाही ओढणाऱ्याला याचा पत्ता नव्हता.

आता उपयोग होतो का? ब्रिटनमध्ये 5800 जणांवर प्रयोग झाला, 2011 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. निम्म्यांना सोडण्याबद्दलचे मेसेज, निम्म्यांना भलतेच. पहिले पाच आठवडे रोज पाच मेसेज, मग हळूहळू कमी. सहा महिन्यांनी नुसतं 'सोडली का हो' विचारून थांबले नाहीत, जे हो म्हणाले त्यांची तपासणीही केली. मेसेजवाल्यांत 10.7 टक्के सुटलेले, बाकीच्यांत 4.9.

त्यातली एक गोष्ट मला फार पटली. तल्लफ आली की 'क्रेव्ह' एवढंच लिहून पाठवायचं, तिकडून लगेच उत्तर. तल्लफेचा जोर काही मिनिटांचाच असतो. त्या मिनिटांत डॉक्टर जवळ नसतो, बायको नसते, फोन मात्र हातातच असतो. म्हणून माझं म्हणणं, रंगीबेरंगी ॲप काढण्यात पैसे घालण्यापेक्षा सरकारने साधे मेसेजच नीट, मराठीत, माणसाला कळतील असे लिहून घ्यावेत.

तर्कटपंत

म्हणजे 100 तल्या 89 जणांची सुटली नाहीच की! आणि हे 5800 जण कोण होते? ज्यांना महिन्याभरात सोडायचीच होती ते. ज्याला सोडायची नाही त्याला दिवसाला पन्नास मेसेज पाठवा, तो नंबर ब्लॉक करेल.

शिवाय आपल्याकडची सिगारेट एकट्याने ओढायची चीज नाही. अकरा वाजले की 'चल रे' म्हणून अख्खं टोळकं टपरीवर. दोन कटिंग, एक सुट्टी सिगारेट, दोघांत. दोऱ्याला लटकवलेला लायटर. साहेब तिथेच भेटतो आणि बढतीचं तिथेच ठरतं. त्यात फोन वाजून 'आज तुमची फुप्फुसं तुम्हाला धन्यवाद देत आहेत' असं आलं, तर तो स्क्रीनशॉट दुपारपर्यंत ग्रुपवर फिरतो.

सुट्टीवरून आठवलं. 2018 पासून पाकिटावर क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, नंबर छापतात. पण पाकीट घेतंय कोण? महाराष्ट्राने 2020 मध्ये सुटी सिगारेट विकायला बंदी घातली. एक तरी टपरी दाखवा जिथे सुटी मिळत नाही. नंबर टपरीवाल्याच्या गल्ल्यापाशी पडून, सिगारेट गिऱ्हाइकाच्या बोटात.

आकडेमोड्या

पंत, 89 चं गणित अर्धवट आहे. मेसेज नसते तरी 5 जणांची सुटलीच असती. म्हणजे मेसेजने 100 मागे आणखी 6 जण सोडवले. मेसेज पाठवायला खर्च किती? पैशांत. 100 मागे 6 म्हणून नाक मुरडू नका. ओढणाऱ्यांची संख्या कोटींत आहे.

फक्त ब्रिटनचा आकडा उचलून इथे चिकटवू नका. तिथले लोक वाचून उत्तर पाठवणारे. आपल्याकडे एसएमएस कोण वाचतं? बँकेचा ओटीपी आणि लोनवाल्यांचा कचरा, त्यात हा मेसेज सापडायचा कधी?

मंजिरी क.

सगळी चर्चा सिगारेटवरच चाललीय. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के निघाले, आणि तोंडात ठेवणारे 24.4 टक्के. मशेरी, गायछाप, मावा. गुटखा 2012 पासून बंद, तोही कागदावरच.

आमच्या भागात सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यातल्या कितीजणींकडे स्वतःचा फोन आहे? घरात एकच, तो पोराच्या हातात. तिने मिस्ड कॉल दिलाच तर मेसेज पोरगा वाचणार, मग घरभर हशा. त्यांच्यासाठी दारात येणारी आशाताईच कामाची.

घाटमाथा

मंजिरीताई, मशेरीचं मान्य. पण मी धूम्रपानावर लिहिलंय, आणि एक उपाय सगळ्यांना लागू नाही म्हणून तो कुणालाच नको, हे काही पटत नाही.

मंजिरी क.

कुणालाच नको असं मी कुठे म्हटलं? पैसा एकच असतो. तो फोनवाल्यांवर आधी खर्च होतो, एवढंच म्हणतेय.

गावाकडचा डॉक्टर

दोन्हीकडून थोडं थोडं चुकतंय.

मेसेज लिहिणाऱ्याला पेशंट माहीत नसतो, ही खरी अडचण आहे. माझ्याकडे येणारा 'फुप्फुसं', 'कर्करोग' असलं काही बोलत नाही. तो म्हणतो, 'डॉक्टर, सकाळी एक मारल्याशिवाय पोट साफ होत नाही.' हे थोतांड नाही. निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते, आणि सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतं. दोन दिवस कुंथला की तिसऱ्या दिवशी तो टपरीवर. त्याला सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज हवा: 'पोट अडलंय? कोमट पाणी, फेरफटका, रात्री इसबगोल. थोडे दिवस कळ काढा.' कर्करोगाचे फोटो त्याने पाकिटावर पाहिलेत, त्याचं काही वाटेनासं झालंय.

दुसरं, नुसत्या शब्दांवर सोडवू नका. 2 मिलिग्रॅमची निकोटिनची चावायची गोळी (निकोटिन गम) चिठ्ठीशिवाय मिळते. ती नेहमीच्या च्युइंगगमसारखी चघळत राहायची नसते. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, पुन्हा थोडी चावायची. हे कुणी सांगत नाही, मग मळमळलं की लोक फेकून देतात. मेसेजमधून शिकवायची गोष्ट असेल तर ही.

आणि जास्त ओढणाऱ्याला माणूस लागतो. 1800-11-2356 या क्विटलाइनवर समुपदेशक बोलतात, मुंबईत टाटा मेमोरियलकडेही तिचं केंद्र आहे. मेसेजने माणसाला त्या फोनपर्यंत आणून सोडलं तरी बास.

निवांत पांडू

ॲपवाल्यांची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून मीच मांडतो. माझी ॲपने सुटली. किती पैसे वाचले ते दाखवायचं, त्या पैशांत मी गाडीचे टायर बदलले. मेसेजात कुठे असली मजा?

तर्कटपंत

पांडोबा, त्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला लागतं, हे विचारलंत का कधी? माझ्या मेव्हण्याच्या कंपनीने असलंच ॲप सक्तीचं केलं आणि वर विमाही त्याच ॲपमधल्या उत्तरांवर ठरवला. मग सगळ्यांनी 'मी ओढत नाही' असं भरून टाकलं. आता आकडेवारीप्रमाणे त्या कंपनीत एकही ओढणारा नाही.

निवांत पांडू

हा हा, हे मात्र खरं असणार. पण तो कंपनीचा आगाऊपणा झाला, ॲपचा नव्हे.

घाटमाथा

म्हणून तर मिस्ड कॉल बरा. नंबर सोडून काहीच मागत नाही. डॉक्टरसाहेबांचा इसबगोलवाला मेसेज मात्र खरोखर कुणीतरी दिल्लीला कळवायला हवा.

पंतांचा सुट्टीचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावरून फोनच बाद होत नाही. आता टपरीवर सुट्टे पैसे कोण देतं? सगळे क्यूआर कोडसमोर फोन धरून उभे. फोन हातात, डोळे त्या बोर्डावर. नंबर तिथेच लावा.

तर्कटपंत

आणि टपरीवाला लावेल? त्याचं पोट आहे त्यावर.

आकडेमोड्या

त्याच्या मर्जीवर सोडायचंच कशाला? 18 वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे, असा बोर्ड लावणं त्याला कायद्याने बंधनकारकच आहे. 60 बाय 30 सेंटिमीटर. त्याच बोर्डावर खाली नंबर छापा, वेगळा खर्च नाही.

मंजिरी क.

तो बोर्ड शेवटचा कुठल्या टपरीवर पाहिलात?

आकडेमोड्या

आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर आहे. त्याच्यावर वेफर्सच्या माळा टांगलेल्या असतात, ते सोडा.